चार पैशांचा हिशेब: चोवीस मागांच्या एका कारखान्याचं प्रकरण

हे प्रकरण इचलकरंजीतल्या एका लहान यंत्रमाग कारखान्याचं आहे. काळ जानेवारी २०१८ ते मार्च २०२०. मी तिथे दिवाणजी होतो, म्हणजे हजेरी, तागे, मजुरी आणि उचलीच्या (कामगारांना आगाऊ दिलेल्या पैशांच्या) वह्या माझ्याकडे असायच्या. माणसांची नावं देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि सगळ्यांत जुन्या विणकराला मामा. इथेही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

कारखान्यात चोवीस साधे माग, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. एका विणकराकडे सहा माग, म्हणजे पाळीला चार आणि दोन्ही पाळ्या मिळून आठ विणकर. शिवाय आडव्या सुताच्या कांड्या (नळ्या) भरायच्या मशीनवर दोन मावशी, माग दुरुस्त करणारा एक जॉबर आणि बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, बदलला की धागे ओवायला येणारा वहिफणीवाला. चोवीस हा आकडा सहज आलेला नव्हता. २७ अश्वशक्तीच्या आतल्या यंत्रमागधारकाला विजेची सवलत वेगळी मिळते. एका मागाला एक अश्वशक्तीची मोटर धरली, तर चोवीस मागांवर माणूस थांबतो. पुढे वाढायचं झालं तर भावाच्या किंवा बायकोच्या नावावर दुसरा मीटर घ्यायचा. वीसच्या खाली माणसं असली की भविष्य निर्वाह निधीचाही प्रश्न येत नाही. असे कारखाने इथे गल्लोगल्ली आहेत.

अण्णा खर्चीवाले होते. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. अण्णांनी फक्त विणून द्यायचं आणि पिकामागे खर्ची घ्यायची. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात पडणारे बाण्याचे, म्हणजे आडवे धागे. आमचं कापड ५२ पिकांचं, खर्ची पिकाला ५ पैसे, म्हणजे मीटरला २ रुपये ६० पैसे. ते कोरं कापड पुढे राजस्थानात पाली-बालोत्र्याला रंगायला जायचं आणि तिथून कुठे जायचं ते आम्हाला कळत नसे.

मागांबद्दल एक सांगायला हवं. त्यातले आठ माग अण्णांच्या वडिलांनी मुंबईच्या एका बंद गिरणीच्या भंगारातून आणले होते. दोघांच्या बिडाच्या फ्रेमवर ग्रीस आणि कापसाच्या थराखाली इंग्रजी उठावाची अक्षरं होती. एकदा दसऱ्याला माग पुसताना मी ती वाचली. ब्लॅकबर्न. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं गाव, एकेकाळी जगाला कापड पुरवणारं. मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहू लागली, आणि पुढे वीसेक वर्षांत लँकेशायरचे गिरणीमालक तक्रार करू लागले की मुंबईत मजूर स्वस्त, तास जास्त, आमचा टिकाव कसा लागायचा. १८८१ चा कारखाना कायदा येण्यामागे कामगारांचा कळवळा होता, तसा हा दबावही होता. पुढे मुंबईच्या मालकांनी हेच वाक्य भिवंडी-मालेगावच्या मागांबद्दल म्हटलं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कापड थांबलं नाही, यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं. इचलकरंजीत यंत्रमाग १९०४ पासून आहे, पण गिरण्या बंद पडल्यावर त्यांचे जुने माग आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये येऊन पोचले. ते दोन माग हा सगळा प्रवास करून आले होते, आणि प्रत्येक मुक्कामी कारण एकच होतं: तिकडे स्वस्त पडतं.

अडचण

२०१३ च्या मोठ्या आंदोलनानंतर इचलकरंजीत एक पद्धत पडली होती. महागाई भत्त्याच्या वाढीचं मीटरच्या दरात रूपांतर करून वर्षाला मजुरीवाढ जाहीर व्हायची. २०१८ च्या जानेवारीत आमच्या विणकरांचा दर मीटरला १ रुपया ५ पैसे होता आणि वाढ धरून तो १ रुपया १० पैसे व्हायला हवा होता.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने खर्ची अर्ध्या पैशाने उतरवली. नोटबंदी आणि जीएसटीनंतर बाजार सावरला नव्हता, हे खरंच. पण शेठनी, म्हणजे त्या व्यापाऱ्याने, अण्णांना दिलेलं कारण वेगळं होतं: "अण्णा, बांगलादेशातून शिवलेला शर्टच येतोय. ड्यूटी नाही. तुमचं कापड घेऊन मी काय करू?" यात खोटं काही नव्हतं. २००५ च्या पहिल्या दिवशी जगाच्या कापड व्यापारातली कोट्याची जुनी व्यवस्था संपली आणि माल जिथे स्वस्त होईल तिथे जायला मोकळा झाला. २०११ पासून बांगलादेशी तयार कपड्यांना भारतात आयात शुल्क नाही. तिथल्या शिवणकामगाराचं किमान वेतन त्या वेळी महिन्याला ५,३०० टका होतं. तेही वाढलं ते २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेच्या वर माणसं गेल्यानंतर.

अर्धा पैसा ऐकायला काहीच नाही. पण ५२ पिकांना तो मीटरमागे २६ पैसे होतो. वहीतली मांडणी अशी होती: २ रुपये ६० पैशांतून विणकराचे १.०५, वीज ५५ पैसे, कांडी-जॉबर-वहिफणी आणि माझा पगार मिळून ४५, पिकर-पट्टे-तेल-दुरुस्ती २०. उरायचे ३५ पैसे. त्यातून बँकेचा हप्ता आणि घर. आता २६ खर्चीत गेले आणि ५ मजुरीवाढीत गेले की उरतात ४. मीटरला चार पैसे. दिवसाला दोन हजार मीटर धरले तर ऐंशी रुपये. चोवीस माग रात्रंदिवस खडखडून मालकाच्या हाती ऐंशी रुपये.

अण्णा काही मोठे शेठ नव्हते. स्वतः रात्रपाळीला माग चालवलेला माणूस. त्या रात्री वही मिटून ते म्हणाले, "दिवाणजी, काहीतरी काढा यातनं."

समोरचे पर्याय

माग बंद ठेवायचा विचार पहिल्यांदा झाला. शहरात मंदी आली की काही दिवस सगळे मिळून बंद ठेवतात, तसं. पण बँकेचा हप्ता बंद राहत नाही आणि बंद कारखान्यातला विणकर पंधरा दिवसांत दुसरीकडे लागतो. स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं कापड विकायचं तर भांडवल लागतं आणि सुताचा भाव पडला तर माणूस उभा बुडतो. आमच्याच गल्लीत एक जण तसा बुडाला होता. साधे माग विकून जुने रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग, घ्यायचे तर आणखी कर्ज. मजुरीवाढ द्यायचीच नाही, हाही एक पर्याय होता आणि बऱ्याच ठिकाणी तो निमूट वापरला जात होता.

व्यापाऱ्याशी भांडायचं, हा पर्याय त्या रात्री कागदावर आलाच नाही. शेठची खर्ची आम्ही पावसासारखी धरली होती, पडेल तेवढी. इथेच पहिला चुकीचा वळसा पडला असं मला आज वाटतं.

मग मी एक तजवीज मांडली. मीच मांडली, म्हणून ती नीट सांगतो. विणकराला सहाऐवजी आठ माग द्यायचे. दर १.०५ वरून ९० पैसे करायचा. सहा मागांवर पाळीला माग ४२ मीटर काढतो, म्हणजे विणकराचे साधारण २६४ रुपये. आठ मागांवर ९० पैशांनी ३०२ होतील. दर उतरला तरी हातातला पगार वाढतो, त्यामुळे कोणी तक्रार करणार नाही. मालकाला मीटरमागे २४ पैसे सुटतात. पाळीला चारऐवजी तीनच विणकर लागतात. कागदावर सगळ्यांचं भलं होत होतं, फक्त दोघांना घरी जावं लागणार होतं.

काय केलं

फेब्रुवारीपासून आठ माग सुरू झाले. सगळ्यांत शेवटी लागलेले दोघे कमी केले. एकाच्या नावावर उचल होती, ती फेडायला तो दुसऱ्या कारखान्यातून उचल घेऊन आला. उरलेल्या सहा जणांना अण्णांनी पगारवाढ म्हणूनच सांगितलं. आकडे ऐकून तिघं-चौघं खूश झाले. मामा काही बोलले नाहीत. एकदा मागांकडे बघितलं आणि पाळीवर गेले.

आठ मागांचे तीन महिने

साधा माग चालवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. धोटा म्हणजे बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी ठोकळा. त्यातली कांडी साधारण सात मिनिटांत संपते. माग थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी टाकायची, भरलेली बसवायची, धागा डोळ्यातून ओढायचा, माग सुरू. सहा माग असले तर हे दर सत्तर सेकंदांनी येतं. आठ असले तर बावन्न सेकंदांनी. मधल्या वेळात ताणा, म्हणजे उभे धागे, बघायचा. आमच्या जुन्या मागांना ताण्याचा धागा तुटला की आपोआप थांबायची सोय नव्हती. धागा तुटला आणि विणकराच्या नजरेत आला नाही तर माग तसाच विणत राहतो आणि कापडात हातभर उभी फट पडते.

एप्रिलमध्ये मामा मला म्हणाले, "दिवाणजी, आठ मागांवर पाय पुरत्यात, पण डोळं पुरंनात." मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी मला दाराबाहेर नेऊन हे सांगितलं. तरी मला ते दोनदा विचारावं लागलं नाही, त्यांनाच माझं उत्तर दोनदा ऐकावं लागलं. चाळीस वर्षं या खडखडाटात गेली होती.

आकड्यांनीही तेच सांगितलं. मागाचे ४२ मीटर व्हायचे ते ३८ वर आले. आठ माग, ३८ मीटर, ९० पैसे: २७४ रुपये. म्हणजे दोन माग जास्त चालवून, दर दिवशी, दहा रुपये जास्त. तेही डॅमेज कापायच्या आधी. व्यापाऱ्याकडून खराब तागे परत येऊ लागले, त्याची कपात अण्णांनी निम्मी विणकरांवर टाकली, आणि मे महिन्यात सहापैकी चौघांचा आठवडा जानेवारीपेक्षा कमी भरला. मी हे अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, हात बसायला वेळ लागतो, पावसाळ्यापर्यंत बघू. मी पुढे बोललो नाही. तजवीज माझी होती, ती चुकली हे म्हणायला मला जड जात होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास धोटा उडाला. लाकडी धोट्याला लोखंडी टोक असतं. ते बिहारहून आलेल्या तेवीस वर्षांच्या विणकराच्या भुवईवर बसलं. सात टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. त्या मागाचा पिकर, म्हणजे धोट्याला ठोसा देणारा भाग, झिजलेला होता आणि आवाजावरून ते एरवी कळतं. त्या रात्री तो पोरगा दुसऱ्या टोकाला दोन मागांच्या कांड्या एकदम संपल्या म्हणून धावत होता. कारखाना ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, नव्हता. दवाखान्याचं बिल अण्णांनी ताबडतोब भरलं, रात्रभर बाहेर बसले. आणि सकाळी मला म्हणाले, उचलीत लिहा.

मी लिहिलं.

चार दिवस बंद

पगाराच्या दिवशी त्या पोराने आपलं पान बघितलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण आकडा कळला. कांडीवाल्या थोरल्या मावशींनी त्याला ते वाचून दाखवलं आणि काही न बोलता कांडी मशीनचं बटण बंद केलं. कांडी नाही म्हणजे माग नाही. पंधरा मिनिटांत चोवीस माग एकेक करून थांबले. त्या शेडमध्ये पंखा फिरल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पहिल्या दिवशी अण्णा चिडले होते, दुसऱ्या दिवशी संघटनेचं नाव कोणी घेतलं का हे शोधत होते. कोणी घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामा आणि मावशी त्यांच्या घरी गेले. मामांनी एकच विचारलं, "अण्णा, खर्चीची चिठ्ठी दावा." आजवर कोणी विणकराने ती मागितली नव्हती, मालकाने दाखवली नव्हती. अण्णांनी ती दाखवली. मग मी सगळा हिशेब, २ रुपये ६० पासून चार पैशांपर्यंत, त्यांच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचला. मामा ऐकून म्हणाले, "मग हे आमाला कशाला? त्यास्नी सांगायला पायजे हुतं की."

चौथ्या दिवशी अण्णा आजूबाजूच्या चार खर्चीवाल्यांना घेऊन त्याच व्यापाऱ्याकडे गेले. पाच जणांचे मिळून शंभराच्या वर माग होते आणि शेठना महिनाअखेर माल पाठवायचा होता. तासभर बोलणं झालं. अर्धा पैसा परत मिळाला नाही, पाव मिळाला. पाव पैसा म्हणजे मीटरला १३ पैसे.

त्यावर तोडगा असा निघाला: विणकराला पुन्हा सहा माग, दर १ रुपया ८ पैसे, दवाखान्याचं बिल उचलीतून काढून टाकायचं, डॅमेजची कपात विणकरावर नाही. काढलेल्या दोघांपैकी एक परत आला. दुसरा सुरतेला गेला होता. लेखी काही झालं नाही.

निष्पत्ती

त्या रात्री घरी येऊन मी दोन्ही हिशेब शेजारी मांडले. आठ मागांच्या तजविजीत मालकाला मीटरमागे २४ पैसे सुटत होते, पण मीटर घटून दिवसाला १,८२४ झाले होते: ४३८ रुपये. तोडग्यानंतर सुटत होते १९ पैसे, मीटर पुन्हा २,०१६: ३८३ रुपये. फरक पंचावन्न रुपयांचा, आणि डॅमेजच्या निम्म्या कपातीने तो केव्हाच खाल्ला होता. या पंचावन्न रुपयांसाठी दोन माणसं घरी गेली होती आणि एकाच्या भुवईवर सात टाके पडले होते.

तोडगा वर्षभर टिकला. १ रुपया १० पैशांचा जाहीर दर मात्र त्या वर्षी विणकरांना मिळाला नाही, दोन पैसे कमीच राहिले, हे नोंदवायला हवं. २०१९ च्या दिवाळीआधी मागणी पुन्हा बसली. अण्णांनी बोनस दिला आणि दिवाळीनंतर बारा माग भंगारात काढले. तो बिहारी पोरगा छठला गावी गेला तो परत आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, जानेवारीतच पाच खर्चीवाले एकत्र गेले असते तर पाव पैसा तेव्हाच मिळाला असता असं मला वाटतं. जूनमध्ये जे मागितलं ते जानेवारीत मागायला काय आडवं आलं? भीती होती की एकट्याचं काम जाईल. ती खरी होती, पण एकट्याने जायची गरजच नव्हती. मंदीत व्यापारी कापड कमी घेतो हे खरं, तरी घेतो त्यावर त्याला मुदत असते, आणि ती मुदत हीच आमच्या हातातली एकमेव वस्तू होती.

दुसरी, खर्चीची चिठ्ठी. मामांना ती पहिल्या दिवशी दाखवली असती तर आठ मागांचा प्रयोग झालाच नसता. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं की जुन्या मागावर ४२ मीटर राहणार नाहीत. मी कागदावर गुणाकार केला होता, तो माग चालवणाऱ्याला विचारून केला नव्हता. दर उतरवून पगार वाढलेला दाखवणं ही फसवणूक आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण ती वाढ मालक देत नव्हता, विणकर आपल्याच पायांतून काढून देत होता.

तिसऱ्याबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. कारखाना ईएसआयमध्ये नोंदवणं. अण्णांना ते परवडलं असतं का? ३५ पैशांच्या काळात, हो. चारच्या काळात, नाही. पण चांगले दिवस होते तेव्हा कोणी विषय काढला नाही, मीही नाही. माणसं वीसच्या आत आणि अश्वशक्ती सत्तावीसच्या आत ठेवायची इतकी सवय होती की लहान राहणं हाच धंदा झाला होता. असा लहान मालक व्यापाऱ्यापुढे बोलू शकत नाही आणि त्याचा भार उतरवायला त्याच्याकडे खालचा माणूस सोडून कोणी उरत नाही.

आणि ती उचलीची नोंद. ती मी लिहायला नको होती. अण्णांना त्या सकाळी नाही म्हटलं असतं तर ते ऐकले असते. रात्रभर दवाखान्यात बसलेला माणूस होता तो.

पुढे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा उरलेले बारा माग थांबले. पुन्हा सुरू झाले ते आठच. ब्लॅकबर्नचे दोन्ही माग त्याआधीच, २०१९ च्या खेपेत गेले होते. भंगारवाल्याने शेडच्या दारातच घणाने फ्रेम फोडल्या, बीड टेम्पोत भरलं, आणि ते शिरोलीच्या फाउंड्रीत जाईल असं सांगितलं. मामा तेव्हा पाळीवर होते. टेम्पो भरेपर्यंत ते दारात उभे राहिले, मग आत त्यांच्या तीन मागांच्या कांड्या संपल्या म्हणून गेले.

आता ते एका रेपियरच्या शेडवर रात्रीचे राखणदार आहेत. फोनवर बोलायचं तर त्यांच्या नातवाला मध्ये घ्यावं लागतं. मावशी अजून कांडीवर आहेत, त्याच शेडमध्ये, आठ मागांसाठी.